जांभळ्या फ्लॉवरचं पाणी

रविवारच्या शेतकरी बाजारात माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंनी जांभळ्या फ्लॉवरचा गड्डा उचलला, उलटासुलटा करून पाहिला, देठाला नख लावलं आणि थेट विचारलं, "खरं सांग, रंग मारलाय ना याला?" विकणारा मुलगा विशीतला असेल. त्याचा चेहराच पडला. त्याने बाटलीतलं पाणी अंगठ्यावर घेतलं, गड्ड्यावर जोर लावून घासलं आणि अंगठा त्यांच्यासमोर धरला. "बघा मावशी. रंग असता तर हाताला लागला असता. आमच्याच शेतातला आहे." तेवढ्याने बाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी पर्समधून पांढरा रुमाल काढला, ओला केला आणि स्वतः घासून पाहिलं. रुमाल कोरा राहिला. मग त्या हसल्या. "रागावू नको रे बाळा, हल्ली मटारलासुद्धा रंग लावतात," म्हणाल्या, पैसे दिले आणि गड्डा पिशवीत टाकून गर्दीत दिसेनाशा झाल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. भाजीला रंग चोळून ती ताजी भासवणारी माणसं आहेतच, आणि घरच्यांच्या पोटात काय जाणार आहे याची एवढी चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल मला आदरच वाटतो. मुलगाही खरं तेच बोलत होता. तरी घरी पोचेपर्यंत ती दोघं माझ्या डोक्यातून जाईनात, कारण पुढे काय होणार ते मला दिसत होतं.

बाई घरी जाऊन तो फ्लॉवर गरम पाण्यात टाकणार होत्या.

आपण सगळेच टाकतो. तुरे मोडायचे, मीठ-हळदीच्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचे, अळ्या वर आल्या की पाणी ओतून द्यायचं. आपल्या घरांत फ्लॉवरची सुरुवात अशीच होते. जांभळ्या फ्लॉवरचा रंग त्याच्या पेशींच्या आत, रसात विरघळलेला असतो. म्हणून बाहेरून ओल्या रुमालाने कितीही घासा, काही हाती लागत नाही. गरम पाण्यात पेशी फुटल्या की मात्र तो सुटतो आणि पातेल्यात शाईची दौत उपडी केल्यासारखं पाणी निळं होतं. हळद घातली असेल तर निळ्यात पिवळं मिसळून गढूळ हिरवं. इकडे तुरे राखाडी पडत जातात. ते पातेलं बघून बाईंना काय वाटलं असेल, याचाच विचार मी करत होतो. त्या मुलाने अंगठा दाखवून आपल्याला बनवलं, असंच वाटलं असणार. पुढच्या रविवारी त्या त्याच्याकडे जाणार नाहीत, शेजारणीलाही सांगतील, आणि त्या मुलाला कधी कळणारही नाही की आपलं नेमकं काय चुकलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. नवं वाण बाजारात आलं, पण त्याच्यासोबत त्याचं स्वयंपाकघर आलं नाही.

हा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. जांभूळ, कोकम, काळी द्राक्षं, लाल कोबी, सगळ्यांत तोच. त्याचा स्वभाव एकदा कळला की घाबरण्यासारखं काही राहत नाही. आंबटाच्या संगतीत तो गुलाबी-लाल होतो आणि टिकून राहतो, क्षार भेटले की निळा आणि मग हिरवा पडतो. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं जड पाणी येतं, त्यात जांभळा फ्लॉवर क्षणात निळा होतो. त्याच पातेल्यात लिंबू पिळा, डोळ्यांदेखत पाणी गुलाबी होतं. घरात लहान मूल असेल तर हे त्याला जरूर दाखवावं. रंग मारलाय की मूळचा आहे हा प्रश्नही तिथेच मिटतो.

सिसिलीतल्या लोकांना हे रसायनशास्त्राआधीच ठाऊक असावं. एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी कतानिया शहर आहे. तिथला जांभळा फ्लॉवर जुना, पिढ्यानपिढ्या लावला जाणारा. तो ते पाण्यात उकळत बसत नाहीत. कांदा, काळे ऑलिव्ह, खारवलेले अँकोव्ही मासे, चीज आणि फ्लॉवरच्या फोडी थरावर थर लावून पातेल्यात दाबतात, वरून तांबडी वाइन ओततात, वजन ठेवतात आणि न ढवळता मंद आचेवर शिजू देतात. वाइनचा आंबटपणा रंग धरून ठेवतो. बाहेरचं पाणी नसल्याने तो वाहून जायलाही वाट नाही. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा आठवलं ते आमसुलाचं आगळ. तेव्हापासून आमच्याकडे जांभळा फ्लॉवर असाच होतो: लोखंडी कढई मुद्दाम टाळून स्टीलचं जाड बुडाचं पातेलं, शेंगदाण्याचं तेल, ठेचलेला लसूण, उभा चिरलेला कांदा, बोटाच्या पेराएवढे तुरे, मीठ, दोन चमचे आगळ, आणि झाकणावर खलबत्ता. हळद नाही. दहा-बारा मिनिटांनी झाकण काढलं की आधी आमसुलाचा वास येतो, त्यामागून लसणाचा, आणि तुरे शिजलेल्या बिटाच्या जवळपास जाणाऱ्या रंगाचे झालेले असतात. भाकरीबरोबर ही भाजी फार चांगली लागते. आईला मात्र ती पटलेली नाही. तिच्या मते हळद नसलेल्या भाजीला भाजी म्हणू नये.

आईच्या या आग्रहाचा मी बराच विचार केला आहे. ज्या फ्लॉवरच्या रश्शावर तिचा एवढा हक्क आहे, तो आपल्याकडे आला १८२२ साली. डॉ. जेमसन यांनी इंग्लंडच्या क्यू उद्यानातून बी आणून सहारनपूरच्या कंपनी बागेत लावलं. युरोपातला फ्लॉवर थंडीला चटावलेला, आपल्या उकाड्यात गड्डा धरायलाच तयार नव्हता. उत्तरेतल्या माळ्यांनी, भाजी पिकवणाऱ्यांनी, वर्षानुवर्षं एकच केलं: ज्या झाडांनी गरमीतही गड्डा धरला त्यांचंच बी राखलं. १९२९ साली कलकत्त्याच्या सटन कंपनीने 'अर्ली पाटणा', 'अर्ली बनारस' अशा नावांचं बी विकायला काढलं, तोवर वीस ते सत्तावीस अंश तापमानातही गड्डा देणारा एक वेगळाच देशी फ्लॉवर तयार झालेला होता. आज गणपतीत बाजारात फ्लॉवर मिळतो तो त्या माळ्यांच्या पुण्याईने. त्यांची नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत. आणि तेवढ्याच काळात कुठल्या तरी स्वयंपाकघरांत गोडा मसाला, ओलं खोबरं, बटाटा आणि मटार यांच्याशी त्याची गाठ घालून देणाऱ्या बायकांचीही नाहीत. लग्नाच्या पंगतीतला तो लालसर तवंगाचा रस्सा आपल्याला अनादि काळापासूनचा वाटतो, पण तोही कधी तरी कुणी तरी पहिल्यांदा करून पाहिलेला आहे.

माझ्या मामींचं शेत ओतूरजवळ आहे. कांदा मुख्य, पण हिवाळ्यात एक तुकडा त्या फ्लॉवर-कोबीला ठेवतात, आणि गेली काही वर्षं माझ्या हट्टापायी त्यात दोन-तीन ओळी रंगीत वाणांच्या असतात. २०२१ च्या सुमारास मालेगावजवळच्या दाभाडीत एका शेतकऱ्याने पिवळा आणि जांभळा फ्लॉवर काढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून मामाही फारसा विरोध करत नाही. पांढऱ्या फ्लॉवरचा गड्डा लिंबाएवढा झाला की मामी भोवतीची पानं वर ओढून सुतळीने सैल बांधतात. ऊन लागलं तर गड्डा पिवळा पडतो आणि भाव उतरतो. जांभळ्याच्या ओळीत त्यांनी पहिल्याच वर्षी अर्धी झाडं बांधली आणि अर्धी मोकळी ठेवली. मला न विचारता, स्वतःच बघायचं म्हणून. बांधलेल्या झाडांचे गड्डे निघाले फिके, लव्हेंडरकडे झुकणारे, मधे मधे पांढुरके. मोकळे होते ते काळपट जांभळे, चकाकणारे. "पांढऱ्याला सावली लागती, याला ऊन," मामी म्हणाल्या, आणि पुढच्या वर्षापासून त्या ओळीत सुतळी गेली नाही. कुठल्याही पुस्तकात डोकं न घालता एका हंगामात जे कळायचं ते त्यांना कळलं होतं. गड्डा हातात घेऊन जवळून पाहिलं तर रंग फक्त वरच्या थरात, जिथे ऊन पोचतं तिथे. देठाकडे सुरीने कापलं की आत पांढरंच. बाजारातल्या बाईंनी नख लावलं तेव्हा त्यांना हाच पांढरा दिसला असणार, आणि संशयाला आणखी एक आधार मिळाला असणार.

या तुकड्याच्या कडेने आणि मधेमधे मामी मोहरी पेरतात. कोबी-फ्लॉवरच्या पंचवीस ओळींमागे दोन ओळी मोहरी, ही बंगळूरच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेची शिफारस आपल्याकडच्या शेतीच्या मासिकांतून घरोघर पोचली आहे. चौकोनी ठिपक्यांचा पतंग, ज्याच्या अळ्या कोबी-फ्लॉवरची पानं खातात, कोबीपेक्षा मोहरीवर अंडी घालणं पसंत करतो, मावाही तिकडे वळतो, मग निंबोळी अर्क मारायचा तो मुख्यतः मोहरीवर. मोहरी, कोबी, नवलकोल, फ्लॉवर, ब्रोकोली ही सगळी एका घरची. फ्लॉवरचा गड्डा काढायचा राहून गेला तर महिन्या-दोन महिन्यांत तो फुटून उंच दांडे येतात आणि त्यांवर चार पाकळ्यांची पिवळी फुलं लागतात, अगदी मोहरीसारखी. शेतात ती शेजारी उभी असली की नातं सांगावं लागत नाही.

केशरी फ्लॉवरबद्दल माझं मन अजून एका बाजूला झुकलेलं नाही. त्याची जन्मकथा मला फार आवडते. १९७० साली कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात, ब्रॅडफर्ड मार्शच्या पाणथळ काळ्या जमिनीत, पांढऱ्या फ्लॉवरच्या शेतात एक केशरी गड्डा उगवला. लहानखुरा, नेहमीच्या फ्लॉवरइतका कोवळाही नसलेला. तो उपटून फेकला गेला नाही, हे आपलं नशीब. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी पुढे दाखवलं की त्या झाडातल्या एका जनुकात बदल झालेला होता, आणि त्यामुळे पेशींना बीटा-कॅरोटीन साठवायला जागा मिळाली होती. गाजराला केशरी करणारं तेच द्रव्य, शरीर त्यातूनच अ जीवनसत्त्व बनवतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने हा गुण देशी फ्लॉवरमध्ये उतरवून २०१५-१६ मध्ये 'पुसा बीटाकेसरी-१' हे वाण दिलं. त्यात किलोमागे ८ ते १० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असतं, पांढऱ्यात जवळजवळ नाहीच. ज्या देशात अ जीवनसत्त्वाच्या अभावाने मुलांची दृष्टी जाते, तिथे रोजच्या भाजीत ते असणं ही मोठी गोष्ट आहे, आणि हे काम आपल्या सरकारी संस्थेत झालं याचा मला अभिमान वाटतो. शिवाय हा रंग तेलात विरघळणारा. पाण्यात जात नाही, फोडणीत उतरतो, तेलाबरोबर अंगीही लागतो. म्हणजे आपल्या पद्धतीला एकदम सोयीचा. पण जिभेचं विचाराल तर रश्शात तो आणि पांढरा यांत फरक कळत नाही. हळदीत बुडालेला फ्लॉवर केशरी दिसणारच, त्यात याचं वेगळेपण हरवून जातं. आईला अर्थातच हाच सगळ्यांत आवडतो. मी तो मोठ्या फोडी करून, नुसतं तेल, मीठ आणि जाडसर कुटलेले धणे लावून तव्यावर करपेपर्यंत भाजतो. कडा काळपट आणि मध्य केशरी असा तो ताटात आला की थोडा न्याय मिळाल्यासारखं वाटतं.

रोमनेस्को, म्हणजे पोपटी शंकूंचा इटालियन फ्लॉवर, लावायचा तर थंडीची मनधरणी करावी लागते. पुण्यात गच्चीवरच्या पिशव्यांत मी तो लावतो. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा-बारावर टिकला तर गड्डा धरतो, मधेच ढगाळ उबदार आठवडा आला तर बिथरतो, तुऱ्यांतून बारीक पानं डोकावतात. जमला तरी मुठीएवढा. पण तो जमलेला गड्डा सकाळच्या तिरप्या उन्हात बघावा. पोपटी शंकूंचं वेटोळं, प्रत्येक शंकूवर तसेच छोटे शंकू, त्यांवर आणखी छोटे. वेटोळी मोजली तर एका दिशेने आठ, दुसऱ्या दिशेने तेरा. असं का होतं, याचं उत्तर फ्रान्सच्या संशोधकांनी २०२१ साली 'सायन्स' नियतकालिकात दिलं. फ्लॉवरची प्रत्येक कळी फूल व्हायला निघते, तिथवर पोचत नाही आणि फांदी होऊन बसते. तरी काही क्षण फूल होण्याच्या वाटेवर गेल्याची खूण तिच्यात राहते, म्हणून ती पानं न काढता पुन्हा नव्या कळ्या काढते, त्या पुन्हा अडतात. नेहमीच्या फ्लॉवरमध्ये कळ्या एका ठरावीक वेगाने येतात म्हणून गड्डा गोल. रोमनेस्कोत तो वेग वाढत जातो म्हणून शंकू. हे वाचल्यापासून मला साध्या पांढऱ्या गड्ड्याकडेही पूर्वीसारखं बघता येत नाही. खायला रोमनेस्को घट्ट, किंचित शेंगदाण्याच्या चवीचा, उग्र वास कमी. रोममध्ये नाताळच्या आदल्या संध्याकाळी याचं आणि स्केट माशाचं सूप करतात. मी वाफवून, मिरी-मीठ आणि साजूक तूप घालून खातो, तेही पाच मिनिटांपेक्षा जास्त वाफ न देता. जास्त शिजवला की रंग शेवाळी आणि चव कोबीची.

ब्रोकोलीवर आपण अन्याय केला आहे, हे मला मनापासून सांगायचं आहे. ती आपल्याकडे डाएटची भाजी म्हणून आली, डॉक्टरच्या चिठ्ठीवरून आल्यासारखी, आणि तिला तेल-मसाल्याला शिवूच दिलं नाही. नुसती उकडून, पांढऱ्या ताटलीत, तोंड वाकडं करून खायची. खरं तर पीठ पेरून करायच्या भाजीला ब्रोकोलीइतकी योग्य भाजी क्वचित मिळेल. तिचा तुरा म्हणजे खऱ्याखुऱ्या मिटलेल्या कळ्या. त्या शेकडो कळ्यांच्या फटींत बेसन जाऊन बसतं. मोहरी-हिंग-हळदीची सढळ फोडणी, लसूण, बारीक चिरलेले तुरे, मीठ, लाल तिखट, झाकून जेमतेम वाफ, मग बेसन भुरभुरवायचं, पाण्याचा हबका, पुन्हा झाकण, शेवटी उलथन्याने खरवडून परतायचं. तळाशी धरलेली खरपुडी सगळ्यांत चांगली. दांडा फेकू नये. जाड साल सोलली की आत नवलकोलची चव असते, मीठ लावून तसाच खाल्ला तरी गोड लागतो. मामेबहीण इंग्लंडात, यॉर्कशरला असते. तिथे पालिकेकडून भाड्याने मिळालेल्या जमिनीच्या तुकड्यात ती जांभळ्या फुटव्यांची ब्रोकोली लावते. मे महिन्यात पेरायची, सगळा हिवाळा, बर्फासकट, झाडं उभी ठेवायची आणि पुढच्या मार्चमध्ये, साठवणीच्या भाज्या संपलेल्या आणि नव्या आलेल्या नसताना, कोवळे फुटवे खुडायचे. लांबलचक थंडीशिवाय ती फुटतच नाही, त्यामुळे आपल्याकडे तिची आशा करू नये. बहिणीने व्हिडिओवर मामींना झाडं दाखवली तेव्हा मामी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वरीसभर एका भाजीला रान अडकवायचं? तुझा बाप ऐकल का?"

ज्या द्रव्यामुळे ब्रोकोलीचं आरोग्यासाठी एवढं नाव होतं, ते सल्फोराफेन भाजीत तयार नसतं. ती चिरली-चावली की तिच्यातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या द्रव्याला भेटतं आणि मग ते तयार होतं. शिजवताना उष्णतेने विकर मरतं आणि गाडी तिथेच थांबते. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली शिजवलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड घालून लोकांना खायला दिली, तेव्हा सल्फोराफेन शरीरात जाण्याचं प्रमाण चौपटीहून वाढलं. मोहरीत तेच विकर असतं. फोडणीत तडतडलेल्या मोहरीचा इथे उपयोग नाही, ती कच्चीच हवी. हे वाचल्यावर मी ओतूरला फोन केला, कारण मोहरी फेसण्यात मामींचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही.

तेव्हापासून दर जानेवारीत जांभळ्या फ्लॉवरचं आणि ब्रोकोलीच्या दांड्यांचं ताजं लोणचं होतं. तुरे कच्चेच, धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडे केलेले. मोहरीची डाळ थोडं पाणी आणि मीठ घालून मामी दगडी खलात फेसतात. आधी काहीच वास येत नाही, मग एकदम नाकातून डोळ्यांत जातो आणि बघणाऱ्याला मागे सरकावं लागतं. भरपूर लिंबू पिळलं की तुरे जांभळ्याचे भडक गुलाबी होतात. हळद घालायची की नाही यावर पहिल्या वर्षी आमचा वाद झाला. मी नको म्हणत होतो, मामींनी घातलीच. लिंबाच्या आंबटात गुलाबी आणि पिवळं मिळून रंग आला तो तांबूस केशरी, पिकल्या करवंदाच्या सरबतात हळद पडावी असा नव्हे, स्वच्छ आणि उजळ. आईनेही दोनदा वाढून घेतलं. तेलाची फोडणी वेगळी करायची, त्यात हिंग आणि थोडी मेथी, आणि ती पूर्ण गार झाल्याशिवाय लोणच्यावर ओतायची नाही. कोमट ओतली तर मोहरीचा झणका मरतो, असं मामी दर वर्षी बजावतात.